बकरं जमिनीतून उगवत नाही

"भाकरी नको म्हनतो, भात नको म्हनतो, कांदा नको, मिरची नको, तेलाचा थेंब नको. मंग आलास कशाला? खाटंवर झोपायला?"

वारंगा फाट्यावरचा ढाबेवाला ओरडत होता. तो ओरडला की नांदेडकडून येणारे ट्रक आपोआप ब्रेक लावायचे, असा त्याचा आवाज. बाजूच्या पंक्चरवाल्यानं ट्यूब तशीच पाण्यात सोडली आणि तमाशा बघायला आला. मी हात जोडून म्हणालो, मालक, मटण पाहिजे, फक्त मटण. पाण्यात उकडा, वरून मीठ टाका. चरबी त्याच्याच अंगची असेल तेवढी राहू द्या, बाहेरून काही घालू नका.

ढाबेवाल्यानं हातातला झारा खाली ठेवला. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. आजारी आहेस का, म्हणाला. नाही म्हटलं. घरी कोणी गेलंय का, म्हणाला. तेही नाही म्हटलं. "मंग हे काहून?" असं त्यानं विचारलं, आणि मी खाटेवर मांडी घालून त्याला जे सांगितलं तेच आता तुम्हाला सांगतो. ढाबेवाल्याचा विश्वास बसला नव्हता. तुमचं तुम्ही बघा.

हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतून फुटून नवा नवा झाला होता. मी साखरा गावाच्या बाजूचा, शेळ्या-मेंढ्यांच्या घरातला. बारावीपर्यंत शिकलो आणि मोटारसायकलवर शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांचं औषध विकत हिंडू लागलो. लोक मला 'डाक्टर' म्हणायचे. मी एकदाही नाही म्हटलं नाही. सेनगावपासून वसमतपर्यंत एक गाव असं नव्हतं की जिथल्या बोकडानं मला बघून तोंड फिरवलं नाही. वडील लवकर गेले. घरात आई, धाकटी बहीण आणि मी. बहीण लग्नाची झाली होती आणि तिच्यासाठी मुलगा शोधायचं काम माझ्याकडं होतं. मी शोधत होतोच. फक्त रोज उद्यापासून शोधत होतो.

दसऱ्याच्या सुमाराला आई देवाला जाऊन आली, नारळाची शेरणी, म्हणजे देवाचा परसाद, माझ्या हातावर ठेवली, मी ती तोंडात टाकली, गिळली, आणि मग ती म्हणाली, "पोटभर खाऊन घे. मी देवापुढं बोलून आले. जोवर पोरीची सोयरीक व्हत न्हाई, तोवर माझं पोरगं जमिनीतून उगवलेलं काही तोंडात घालनार न्हाई."

आमच्याकडं आया लेकरांसाठी काहीबाही सोडतात. कोणी भात सोडते, कोणी गोड सोडते, कोणी पायात चप्पल घालत नाही. स्वतःचं तोंड बांधून देवाला राजी करणाऱ्या बाया मी पुष्कळ बघितल्या. दुसऱ्याचं तोंड बांधून येणारी आमचीच. तिचा डाव साधा होता. पोरगं दोन-चार दिवस दुधावर काढील, मग पोटात आग पडली की झक मारत गावोगाव हिंडून मुलगा आणील.

नवस मोडायची सोय नव्हती. देवापुढं एकदा बोललेल्या शब्दात मागून चिमूटभर मीठसुद्धा टाकता येत नाही, की काढता येत नाही. शिवाय मोडला तर माझं काही बिघडणार नव्हतं, ते बहिणीला लागणार होतं. आईनं तेही देवाला सांगून ठेवलं होतं. म्हातारी वकील व्हायची, चुकून मेंढरामागं गेली.

संध्याकाळी मी वाड्याशी, म्हणजे शेळ्यांच्या कोंडवाड्याशी, तोंड पाडून बसलो. दूध मला लहानपणापासून चालत नाही, एक पेला आत गेला की पोटात बँडबाजा सुरू होतो. म्हणजे आता उपाशी मरायचं एवढंच राहिलं. बहीण शेळी पिळत होती. समोर एक खस्सी बोकड रवंथ करत माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघत होतो. असा किती वेळ गेला कोणास ठाऊक. आणि मग माझ्या डोक्यात जो उजेड पडला, तसा उजेड आमच्या गावात वीज आली तेव्हाही पडला नव्हता.

मी आईला हाक मारली आणि विचारलं, "आई, बकरं जमिनीतून उगवतं का?"

बहीण एवढी हसली की चरवी लवंडली. शब्द आईचेच होते. देवानं ऐकलेले होते. शेवटी ती आत गेली आणि भांडी आपटू लागली, तेव्हा मला कळलं की खटला मी जिंकलो.

जिंकल्यावर हळूहळू लक्षात आलं की काय काय हरलोय. मिरची जमिनीतून उगवते. कांदा, लसूण, कोथिंबीर, हळद, सगळं मातीतलं. तेलही मातीतलंच. मिठाचं काय, यावर घरात वाद झाला, तेव्हा बहिणीनं निकाल दिला की मीठ समुद्रातून येतं, समुद्राला जमीन म्हणत नाहीत. तंबाखू गेली, पान गेलं. आणि चहा. फिरतीच्या माणसाचा चहा बंद करणं म्हणजे त्याच्या गाडीतलं पेट्रोल काढून घेणं. पहिल्या आठवड्यात मी हॉटेलांसमोर गाडी उभी करून नुसता वास घ्यायचो, आणि वास पोटात जात नाही ना, हे दोनदा आईला विचारून घेतलं होतं.

तर हे सगळं ऐकून वारंग्याचा ढाबेवाला विचारात पडला. माणूस ओरडणारा असला तरी डोक्यानं बारीक. म्हणाला, बकरं जमिनीतून उगवत नाही हे मान्य, पण बकरं खातं काय? पाला. पाला कुठून येतो? मी म्हणालो, पाला खायचं पाप बकऱ्याचं, त्याची शिक्षा त्याला झालेली आहे. हे त्याला पटलं. त्यानं नवं पातेलं काढलं, कारण जुन्या पातेल्याला मिरचीनं तळापासून रंगवलेलं होतं, आणि मला पहिली आळणी उकडून दिली. आळणी म्हणजे मीठ घालून पाण्यात उकडलेलं मटण, लेकरांना आणि बाळंतिणींना देतात ते. मी शेरभर खाल्लं. पंक्चरवाला मध्येच घरी जाऊन बायकोला घेऊन आला होता.

पुढं पुढं त्या ढाब्यावर माझं पातेलं वेगळं राहायला लागलं. ट्रकवाले येऊन विचारायचे, हे पांढरं काय. ढाबेवाला सांगायचा, ती डाक्टरची आळणी. मग तेही मागायचे. महिनाभरात माझ्या उपासाला एवढं गिऱ्हाईक झालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग लागायची, आणि रांगेतल्या शेवटच्या ट्रकला ढाब्यापेक्षा कळमनुरी जवळ पडायची.

पण सगळीकडं असा ढाबा नव्हता. हिंगोलीत बसस्टँडमागच्या एका हॉटेलात मी नुसती बोटी मागितली, रस्सा नको, रोटी नको, मसाल्यात पडायच्या आधीची दे म्हटलं. पोऱ्यानं मालकाला बोलावलं. म्हातारा मालक मेहंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवत आला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि फार दुःखानं म्हणाला, "मियाँ, रोटी के बगैर बोटी? ये तो दुल्हे के बगैर बारात हो गई." मी म्हणालो, चाचा, तकलीफ तीच आहे, दुल्हाच सापडत नाही. त्याला काय कळलं कोणास ठाऊक, पण त्यानं बिसमिल्ला करून मला दोन वाट्या जास्त पाठवल्या.

एका तांड्यावर तर एका म्हातारीनं माझी कथा ऐकून चुलीतले निखारे ओढले, त्यावर कलेजी टाकली आणि मी खात असताना शेजारच्या सगळ्या बायांना बोलावून माझ्याभोवती बसवलं. त्या आपसात त्यांच्या बोलीत काही बोलायच्या आणि हसायच्या. मला एक शब्द कळला नाही, पण म्हातारी मध्येच मराठीत म्हणाली की असला नवस आमच्या देवाला ठाऊक असता तर तांड्यात एकही बोकड उरला नसता.

आणि कुरुंदा. कुरुंद्याचं काय सांगू. हळद शिजवायचे, वाळवायचे आणि घासायचे दिवस आले की त्या गावात हवा नसते, हळदच असते. पिवळी कुत्री, पिवळ्या कोंबड्या, पिवळा पोस्टमन. तिथं नुसता श्वास घेतला तरी अर्धी फोडणी पोटात जाते. मला तर हळद वर्ज्य. मी तोंडाला उपरण्याचे चार वेढे मारले आणि दिवसभर खुणांनी औषध विकलं. लोकांना वाटलं डाक्टरची वाचा गेली. एका आजीनं माझ्यासमोर बोटं मोडून माझी दृष्ट काढली. बोलून जेवढं औषध खपायचं त्याच्या दुप्पट त्या दिवशी न बोलता खपलं, तेव्हापासून मी धंद्यात कमी बोलायचं ठरवलंय. जमत नाही, ती गोष्ट वेगळी.

फिरतीवर अडीनडीला म्हणून मी औषधाच्या पेटीत वाळवलेलं मटण ठेवायचो. त्याचा एक परिणाम असा झाला की मी गावातून निघालो की गावातली कुत्री माझ्यामागं निघायची. पुढच्या गावाची कुत्री सीमेवर येऊन त्यांच्याकडून मला ताब्यात घ्यायची. भांडण नाही, काही नाही, रीतसर. एवढं बराबर काम मी कुठल्या कचेरीत बघितलं नाही.

असं माझं उत्तम चाललं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी उपासानं फुगलो. शर्टाची बटणं लागेनात. आईनं माझ्याकडं बघायचं सोडलं होतं, देवाकडंही ती आता जरा रागानंच बघायची. आणि एके सकाळी बहीण चुलीवर माझी आळणी उकडत होती, मी पाटावर बसून घाई करत होतो, तर ती पळी तशीच धरून माझ्याकडं न बघता म्हणाली, "दादा, तू मजा करून राहिला आन् माझं वरीस जाऊन राहिलं."

एवढंच. पुन्हा पळी फिरवायला लागली.

तिच्या बरोबरीच्या सगळ्या पोरी सासरी गेल्या होत्या. एक-दोघी कडेवर लेकरू घेऊन माहेरी येऊन गेल्या होत्या. यंदाच्या लगीनसराईत जमलं नाही तर लोक विचारणार होते की का जमलं नाही, आणि लोकांनी असं विचारायला सुरुवात केली की मग जमत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिच्या तोंडून ऐकलं आणि त्या सकाळची आळणी मला गोड लागेना. तरी सगळी संपवली. पण त्या दिवसापासून मी खरोखर हिंडायला लागलो.

ढाबेवाल्याला मी सांगून ठेवलं होतं. ट्रकवाल्यांमुळं त्याला पाच जिल्ह्यांतली लग्नं ठाऊक. त्यानंच खबर दिली की कुरुंद्याच्या पुढं एका गावात, आपल्याच लोकांत, एकाचा मुलगा एसटीत कंडक्टर लागलाय, म्हणून बाप दर्ग्यावर कंदुरी देतोय. कंदुरी म्हणजे नवस फेडायचं जेवण. बकरी कापायची, मुलाण्यानं फातिहा म्हणायचा, मलिद्याचा परसाद वाटायचा आणि येईल त्याला पंगतीला बसवायचं, निमंत्रणाची गरज नाही. मी निघालो. पहिलं कारण मटण, दुसरं कारण मुलगा. खरं सांगतो, त्या दिवशी तरी क्रम उलटा होता.

अडचण एकच. कंदुरीचं मटण म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारं तिखट. म्हणून मी सकाळीच पोचलो, मटण नुसतं मिठाच्या पाण्यात शिजत होतं तेव्हा. आचाऱ्याच्या एका शेळीला जंताचं औषध फुकट दिलं आणि मिरची पडायच्या आत माझा वाटा बाजूला काढायला लावला. डेगीच्या कडेला बसून खायला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर यजमान, मुलाचा बाप, कमरेवर हात ठेवून समोर उभा. पागोटं मोठं, मिशा त्याहून मोठ्या. म्हणाला, "भाकर न्हाई, रस्सा न्हाई. पाव्हनं, तुमी हे काय करून राहिले?"

आता इथं नवसाची गोष्ट सांगायची नव्हती. ज्या पोरीच्या लग्नासाठी भाऊ तोंड बांधून बसलाय, तिच्यात काहीतरी खोट असणारच, असं लोक धरून चालतात. म्हणून मी आरामात हाड चोखत म्हणालो की आमच्या घरात असंच खातात. एवढी शेळ्या-मेंढरं आहेत की भाकरीपर्यंत पोचणंच होत नाही. आमच्या पणजोबानं तर जन्मात फक्त एकदा भाकरी बघितली, तीही शेजारच्यांच्या घरी. यजमान माझ्या शेजारी उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत जो आदर होता तो मला पुढं आयुष्यात कधी मिळाला नाही.

मुलगाही तिथंच दिसला. पंगतीत पाणी वाढत होता. नवी नोकरी अंगात एवढी मुरलेली की लोकांना म्हणत होता, मागं सरका, मागं जागा हाय, दारात थांबू नका. उघड्या माळावर दार कुठलं, पण लोक सरकत होते. मला तिथंच पसंत पडला. मलिदा हातावर आला तेव्हा माझी पंचाईत झाली, पोळी-गुळाचा चुरा तो, पण परसादाला नाही म्हणता येत नाही. मी कपाळाला लावला, रुमालात बांधला आणि घरी आणून बहिणीला दिला. सोयरिकीच्या आधीच तिनं सासरचं अन्न खाल्लं आणि बोटं चाटत म्हणाली की गूळ जरा कमी आहे.

मग ते बघायला आले. बहिणीनंही कंडक्टर बघून घेतला. नुसता बघितला नाही, चहाचा कप देताना विचारलं की शेवटची गाडी चुकली तर कंडक्टर झोपतो कुठं. तो म्हणाला, गाडीतच. तिला ते उत्तर का आवडलं मला अजून कळलेलं नाही, पण रात्री आईनं विचारलं तेव्हा तिनं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढं गुणगुणायला लागली. आम्ही सुपारी फोडायचा दिवस धरला.

आता आमची रीत सांगतो. आमच्यात सोयरीक तोंडानं बोलून पक्की होत नाही. चार लोकांसमोर मुलाच्या बापानं आपल्या हातानं मुलीकडच्या कर्त्या पुरुषाच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. त्यानं तो सगळ्यांसमोर गिळायचा. मग सुपारी फुटते, मग सोयरीक. गूळ घेतला नाही म्हणजे पोरगी देत नाही. मी अशा सुपाऱ्या फुटताना एवढ्या बघितल्या होत्या की झोपेतही रीत सांगितली असती. बघितली, पण तिच्याकडं माझं तोंड म्हणून कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी अंगणात सतरंजी पसरलेली. पाव्हणे बसले. आत पुरणाचा वास सुटलेला. मुलाच्या बापानं ताटातला खडा उचलला, माझ्या तोंडाजवळ आणला, आणि तो ओठाला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. गूळ उसाचा. ऊस जमिनीतला.

मी दात आवळले. त्याला वाटलं लाजतोय, त्यानं जोर लावला. मी तोंड फिरवलं. गूळ माझ्या मिशांत चिकटला. मी दाराकडं बघितलं, तर आई उंबऱ्यात उभी, तिच्याही लक्षात तेव्हाच आलेलं. सोयरीक कधी होणार? गूळ गिळल्यावर. गूळ कधी गिळता येणार? सोयरीक झाल्यावर. आम्ही दोघं मायलेक एकमेकांकडं बघत राहिलो. सगळा जन्म भांडणात गेला, पण तेवढा क्षण आमचं एकमत होतं.

मुलाचा बाप ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात धोतराला पुसला आणि सावकाश म्हणाला, "पोरगी द्यायची नव्हती तर बोलवलं काहून?"

त्याच्यामागचे चार जण उठले. एक जण चप्पल शोधायला लागला. कंडक्टर तेवढा बसूनच राहिला, मान खाली घालून, जाग्याला खिळल्यासारखा. आतल्या दाराचं फडकं हललं आणि तिथं बहिणीचे पाय दिसले. नुसते पाय. अंगठा जमीन उकरत होता.

मग आई अंगणात आली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. नवस, त्यातले शब्द, बकरं, आळणी, सगळं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेवटी म्हणाली, "पोरीत खोट न्हाई, पाव्हनं. खोट ह्याच्यात हाय, हा हालत नव्हता." मी खाली बघितलं. पणजोबांची गोष्ट कोणी काढू नये अशी प्रार्थना करत होतो.

मुलाचा बाप माझ्याकडं बघत राहिला. पोटाकडं जरा जास्त वेळ. "म्हंजे कंदुरीत तू जे खाल्लं, ते बहिनीसाठी?"

व्हय म्हणालो.

तो म्हणाला, असला तपस्वी मी जन्मात बघितला नाही. पण बसायला मात्र तयार होईना. त्याचंही बरोबर होतं. गूळ न घेता सोयरीक झाली म्हणून परत गेला असता तर गावात त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती. कोणी म्हणालं, खाऊन टाक एवढासा, देव बघत नाही. आई म्हणाली, देव बघतो, मोडला तर पोरीला लागंल. कोणी म्हणालं, आधी सुपारी फोडा, मागून गूळ खाऊ दे. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, असं आजवर झालं नाही. जो चप्पल शोधत होता त्याला ती सापडली.

तेवढ्यात फडकं सरकलं आणि बहीण बाहेर आली. सुपारी फुटायच्या आधी मुलीनं पाव्हण्यांत असं यायचं नसतं. ती सरळ आली, हातात पितळी वाटी, आणि ती वाटी मुलाच्या बापापुढं सतरंजीवर ठेवली. आत मध होता. तांड्यावरची बाई मोहळाचा मध विकायला यायची, तो आई खोकल्यासाठी ठेवायची.

"मामा, हे जमिनीतून उगवत न्हाई," ती म्हणाली. मान वर होती. "ह्यानं करा दादाचं तोंड गोड."

कोंडवाड्यातला बोकड तेवढा रवंथ करत होता. सगळ्यांनी आईकडं बघितलं. नवस तिचा, निकाल तिचा. आईनं वाटीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, देवाला मनातल्या मनात काय विचारलं ते तिलाच ठाऊक, आणि म्हणाली, "माशी उडती. उडनारं काही उगवत न्हाई."

तो चप्पलवाला म्हणाला, पण माशी फुलावर बसते, आणि फूल तर मातीतलं. तेव्हा मुलाच्या बापानंच त्याच्याकडं वळून डोळे वटारले. "बकऱ्यानं पाला खाल्लेला देवाला चालला, तर माशीनं फूल चाखलेलं काहून चालनार न्हाई? बस खाली."

तो बसला. सगळे बसले. मुलाच्या बापानं दोन बोटं मधात बुडवली आणि माझ्या तोंडात घातली. मी बोटांसकट गिळणार होतो, त्यानं वेळेवर काढून घेतली. सुपारी फुटली. आणि कंडक्टर, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, त्यानं वर बघितलं, बहिणीकडं बघितलं आणि दोन टाळ्या वाजवल्या, डबल बेल दिल्यासारख्या. बहीण तोंडाला पदर लावून आत पळाली. अंगण एवढं हसलं की शेळ्यांनी दावी तोडली, असं मी म्हणणार होतो, पण आमच्या शेळ्या बांधलेल्या नसायच्या.

मग पंगत बसली. यजमानानं पाव्हण्यांच्या आधी जेवायचं नसतं. मी पुरणपोळी वाढत होतो. दसऱ्यापासून पोळीचा तुकडा तोंडात नव्हता, नवस मघाशीच सुटला होता, आणि मी पोळ्यांची चळत हातावर घेऊन पंगतीत फिरत होतो. पाव्हणे मनातला राग गेल्यावर जेवतात तसे जेवले. चप्पलवाला तर सगळ्यांत जास्त. पोळ्या सरल्या, तर आई भाकरी थापायला बसली, त्याही गेल्या. मुलाचा बाप जाताना मला मिठी मारून म्हणाला की लग्नात तुझ्यासाठी वेगळी डेग लावतो.

ते गेले. दिवस मावळत होता. मी हातपाय धुऊन चुलीपुढं पाटावर बसलो आणि बहिणीला म्हणालो की आता मला काही नको, गोड नको, पुरण नको. एक ज्वारीची भाकर दे, चुलीवरची, पापुद्रा सुटलेली. वर हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर तेलाची धार, बाजूला फोडलेला कांदा. चहा नंतर. आधी भाकर. हे सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही रडणारा माणूस नाही.

बहीण अजून स्वतःशीच हसत होती. तिनं पिठाचा डबा उघडला, आत बघितलं, झाकण लावलं.

"पीठ सरलं," ती म्हणाली. "सकाळची आळनी हाय, वाढू का?"